हंगेरीत भैरव शोधणाऱ्यांसाठी

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: हंगेरीचं संगीत मुळात भारतीयच. हजार वर्षांपूर्वी इथून गेलेल्या जिप्सींनी आपले राग तिकडे नेले. त्यांचं सप्तक म्हणजे आपला भैरव, त्यांचं सिम्बालोम म्हणजे आपलं संतूर, आणि लिस्ट-ब्राम्स या युरोपीय संगीतकारांनी हाच माल उचलून नाव कमावलं. खाली एका व्हायोलिनवाल्याची क्लिप आणि ओळीने तिरंगे.

यातलं खरं आधी मान्य करू. रोमा लोकांचे (‘जिप्सी’ हे इतरांनी दिलेलं नाव) पूर्वज भारतातून गेले. त्यांची रोमानी भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे आणि जनुकीय अभ्यासही तेच सांगतात. पण माणसं गेली म्हणजे रागही गेले, हे कुठून आलं?

‘त्यांचं सप्तक म्हणजे भैरव.’ ज्याला ‘जिप्सी स्केल’ म्हणतात त्यात रिषभ शुद्ध, गंधार कोमल, मध्यम तीव्र, धैवत कोमल, निषाद शुद्ध. म्हणजे तोडीचा रिषभ तेवढा शुद्ध करा. कर्नाटक संगीतात हेच सूर सिंहेंद्रमध्यममचे. भैरवाच्या मध्यमाला षड्ज मानून मूर्च्छना केली तरी हेच सूर मिळतात, म्हणून भैरवाचा भास होतो. पण भूप आणि देशकार यांचे सूर एकच असूनही राग दोन, हे गाणं शिकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय कोमल रिषभ-शुद्ध गंधारासारख्या रुंद उड्या तुर्कस्तान, अरब मुलूख, बाल्कन सगळीकडे सर्रास ऐकू येतात. आणि बुदा शहर (आजच्या बुडापेस्टचा भाग) तर १५४१ पासून १६८६ पर्यंत ऑटोमन तुर्कांकडे होतं. त्यातून रोमा वाद्यवृंदाची रचना पाहा. पुढे मुख्य व्हायोलिनवादक, त्याला ‘प्रीमाश’ म्हणतात. मागे दुसरी व्हायोलिन, बास आणि सिम्बालोम सतत कॉर्ड बदलत राहतात. एका षड्जावर उभा राहणारा राग त्या बदलत्या जमिनीवर टिकेल कसा?

‘सिम्बालोम म्हणजे संतूर.’ तारांवर काठ्यांनी वाजवायची वाद्यं इराणपासून युरोपपर्यंत शेकडो वर्षं आहेत, तेव्हा नातं जरूर आहे. पण मैफलीतलं पायपट्टीचं मोठं सिम्बालोम बुडापेस्टच्या योझेफ शुंडा यांनी १८७४ च्या सुमारास घडवलं. आणि आपलं संतूर? ते काश्मीरच्या सुफियाना संगीतातलं. रागसंगीताच्या मंचावर ते शिवकुमार शर्मांनी १९५५ मध्ये मुंबईत आणलं, तेव्हाही जाणकारांनी नाकं मुरडलीच होती. कोण कुणाकडून घेणार होतं?

‘लिस्ट-ब्राम्सनी जिप्सींचं संगीत उचललं.’ गंमत म्हणजे हा दावा निम्मा लिस्टचाच आहे. हंगेरीत गाजणारं हे संगीत रोमांचं आहे असं त्याने १८५९ च्या पुस्तकात लिहिलं आणि हंगेरीत गदारोळ उडाला. प्रत्यक्षात हा बाज घडला तो १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. सैन्यभरतीच्या वेळी नाच-गाणं व्हायचं, त्यातून ‘वेर्बुंकोश’ आलं. ते गाजवलं यानोश बिहारीसारख्या रोमा वादकांनी, ऐकलं जमीनदारांनी, आणि १९व्या शतकात त्याच थाटाची गाणी हंगेरियन हौशी रचनाकारांनी शेकड्यांनी लिहिली. ब्राम्सचं सर्वांत प्रसिद्ध पाचवं ‘हंगेरियन नृत्य’ त्याने लोकधून समजून घेतलं. ती चाल निघाली केलेर बेला या संगीतकाराच्या चार्दाशची (चार्दाश हा हंगेरियन नाचाचा प्रकार).

रोमांचं श्रेय इथे कमी होत नाही. ती चाल वाजवायची कशी, कुठे रेंगाळायचं, कुठे एकदम धावायचं, हे त्यांचंच कसब. फॉरवर्डवाले मात्र ते कसब ‘आपल्या वारशा’च्या खात्यात जमा करून मोकळे होतात.

‘हंगेरीचं लोकसंगीत म्हणजे हेच.’ हे तर बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय या हंगेरियन संगीतकारांनी १९०५-०६ पासून फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घातली तेव्हाच निकालात निघालं. शेतकऱ्यांची सर्वांत जुनी गाणी पाच सुरांची निघाली: वरून खाली उतरणारी, पहिली ओळ पुढे पाच सूर खाली पुन्हा गायली जाणारी. कोदायने त्यांचं नातं व्होल्गाकाठच्या मारी आणि चुवाश लोकांच्या गाण्यांशी दाखवलं. बार्टोक १९३६ मध्ये अनातोलियात गेला तेव्हा तिथेही त्याला तशाच चाली मिळाल्या. रोमा वादक मूळ चाली बिघडवतात, हे बार्टोकचं मत मात्र मला कडक वाटतं. ट्रान्सिल्व्हानियातल्या सेकसारख्या गावात नाचाचं संगीत पिढ्यान्‌पिढ्या वाजतं ठेवलं ते रोमांनीच; १९७२ मध्ये बुडापेस्टच्या तरुणांनी ‘तान्त्सहाझ’ म्हणजे लोकनृत्याच्या मैफली सुरू केल्या, तेव्हा शिकायला ते अशाच गावांत गेले.

आणि ती व्हायोलिनची क्लिप? तोही पुरावा नाही. हंगेरीतल्या वादक रोमा घराण्यांची मातृभाषा बहुतेक ठिकाणी हंगेरियनच आहे; मारिया थेरेसा आणि दुसरा जोसेफ या हाब्सबर्ग राज्यकर्त्यांच्या फर्मानांनी १८व्या शतकात रोमानी भाषा आणि वेगळी राहणी मोडून काढायचा जोरदार प्रयत्न केला होता. रोमानी बोलणाऱ्या ‘व्लाख’ रोमांची घरातली गाणी ऐकायची तर तिथे परंपरेने व्हायोलिन नसतेच. संथ गाणी नुसती गळ्याने गातात. नाचाच्या गाण्यांना तोंडाने काढलेला बास, चमचे आणि दुधाची किटली. हे गाणं मंचावर आणलं १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘काल्यी याग’ या गटाने, आणि सोबतीला गिटार घेतली.