विंडोज मारून बघू

आमच्या सीएंच्या हिशेबाने माझ्या कॉम्प्युटरची किंमत 18 रुपये 6 पैसे आहे. 2013 साली तो 42,000 रुपयांना घेतला होता. कॉम्प्युटरवरचा घसारा आधी वर्षाला 60 टक्के होता, 2017-18 पासून 40 टक्के झाला. दरवर्षी कापत कापत मार्च 2025 अखेर वहीत एवढेच उरले. आमच्या गल्लीतला भंगारवाला याच मशीनचे 200 द्यायला तयार होता. सीएंपेक्षा भंगारवाल्याला धंदा जास्त कळतो, असं माझं तेव्हापासून मत झालंय.

सांगलीच्या गणपती पेठेत माझा छोटा छापखाना आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायचं, सेंटर आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि निवडणूक लागली की झोप नाही. कॉम्प्युटर दोन. थोरला अजून जुन्या विंडोज एक्सपीवर चालतो, धाकटा तो 18 रुपयांचा. 2019 च्या ऑगस्टात कृष्णामाई पेठेत शिरली तेव्हा दोघांना माळ्यावर चढवलं, 2021 च्या जुलैत पुन्हा चढवलं. कागदाचे गठ्ठे भिजले, बाइंडिंगचा डिंक वाहून गेला, पण हे दोघे कोरडे. माणसं नंतर चढली.

थोरल्याची सकाळ बघण्यासारखी असते. बटण दाबायचं, पंखा घरघरला की देवाला अगरबत्ती लावायची, मग चहा सांगायचा. चहा येऊन कप परत गेला की एक्सपीची हिरवी टेकडी उगवते. आतला सेल संपलेला असल्याने रोज 1 जानेवारी 2002 असते. सेल बदलला की महिनाभर बरं, मग पुन्हा 2002. मी नाद सोडला. तारीख कॅलेंडरवर बघायची असते. एप्रिल-मे मध्ये धाकट्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावतो. गिऱ्हाइकाने घाम पुसत पंख्याकडे आशेने पाहिलं, तर आमच्या ऑपरेटर ताई सांगतात, "तो त्याच्यासाठी आहे."

बिघाड झाला की टेक्निशियन येतो. चांगला पोरगा आहे, पण त्याच्या पोतडीत औषधं दोनच. पहिलं म्हणजे रॅम काढून तिच्या पिवळ्या दातांवरून शाळेतला खोडरबर फिरवायचा. याला हसू नका, दहातल्या सात वेळा मशीन चालू होतं. दुसरं म्हणजे, "सर, विंडोज मारून बघू," म्हणजे विंडोज पुसून नव्याने घालू. माउस अडकला, विंडोज मारून बघू. प्रिंटर कागद ओढत नाही, विंडोज मारून बघू. एकदा लाइट गेली होती, तेव्हा मात्र तो गप्प बसला.

असं सुखात चाललं असताना 14 ऑक्टोबर 2025 उगवला. त्या दिवसानंतर विंडोज 10 चे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. धाकट्याच्या पडद्यावर पाटी यायला लागली की बाबा, अकरावर चल. मी म्हटलं चल. तर अकराची अट अशी की प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा हवा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चीप हवी. आमचा चौथ्या पिढीचा. हल्ली सोयरीक जुळवतानासुद्धा कोणी इतक्या पिढ्या मोजत नाही.

हिंजवडीतला भाचा फोनवर म्हणाला, "मामा, एवढं कशाला? सगळं क्लाऊडवर टाका." दहा बाय वीस फुटी फ्लेक्सची फाइल आमच्या पेठेतल्या नेटवरून वर चढेपर्यंत ज्याचा वाढदिवस आहे तो एका वर्षाने मोठा होईल, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग नवीन मशीन घ्या." याच्यासाठी इंजिनिअरिंगला घातला.

तरी घेतलाच असता लगेच. पण छापखान्यात कॉम्प्युटर बदलणं म्हणजे नुसतं डबडं बदलणं नसतं. थोरल्यावर पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याची शेवटची आवृत्ती 2001 ची, त्यानंतर बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पण सांगली-मिरजेतल्या निम्म्या संस्थांचे अहवाल, घटना आणि लेटरहेड त्याच्यात निजलेले आहेत. शिवाय मराठी अक्षरं उमटवणाऱ्या आमच्या जुन्या पॅकेजचं लॉक, चोरून कॉपी करू नये म्हणून दिलेलं. काडेपेटीएवढा ठोकळा, थोरल्याच्या पाठीला पंचवीस पिनांच्या पोर्टात खोचलेला. तो नसेल तर मराठी उमटत नाही. खंडेनवमीला कटिंग मशीनच्या पात्याला हळदकुंकू लागतं, त्याच ताटातलं बोटभर या ठोकळ्यालाही लागतं. नव्या मशीनला असलं पोर्टच नसतं. यूएसबीची कन्व्हर्टर केबल आणली. तिच्यावर प्रिंटर चालतो, लॉक चालत नाही. पॅकेजवाल्यांना फोन केला तर पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात विचारलं, "सर, ते अजून चालतंय?"

आता फॉन्टचं सांगतो, कारण खरी रड तिथेच आहे. आमचे जुने फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर एकसारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचे. त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसतं, नसेल तर आतलं इंग्रजी उघडं पडतं. आमच्या फॉन्टमध्ये 'क' लिहायला एच आणि त्यापुढे डॉलरची खूण. पहिल्या वेलांटीला महिरपी कंस. नव्या मशीनची चाचणी म्हणून डीलरच्या दुकानातच एक जुनी पत्रिका उघडली, कुलकर्ण्यांकडची. 'चि.'च्या जागी कंस आणि एम. कुलकर्णी या एका आडनावात दोन डॉलर. खाली पुतण्याची लाडिक ओळ होती, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' तीत आणखी दोन. आमंत्रण देताना एवढे डॉलर वाटणारं कुलकर्ण्यांचं घर सांगलीत तरी दुसरं नसेल. डीलर म्हणाला, "व्हायरस दिसतोय." आणि त्याच्या पोराने तोंड उघडलं, "विंडोज मारून..." मी पेन ड्राइव्ह काढून घेतला.

फॉन्टचाही कन्व्हर्टर असतो, हे मला ठाऊक आहे. एका बाजूने जुनं घाला, दुसऱ्या बाजूने युनिकोड काढा. बातमीच्या मजकुराला तो ठीक आहे. पण जोडाक्षर दिसलं की त्याची मती गुंग होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि मग ताई तीन रंगांची पेनं घेऊन प्रूफ तपासत बसतात. पत्रिकेत यजमानाच्या आडनावाचा रफार सरकला तर मुलीकडचे हसतात आणि मुलाकडचे पैसे देत नाहीत.

तुम्ही म्हणाल, फाइल कर्व्ह करून ठेवायची. ठेवतोच की. छपाईच्या प्लेट बनवणाऱ्याकडे जाणारी प्रत्येक फाइल कर्व्ह करूनच जाते. म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि फॉन्ट असो नसो, दिसायचं तसं दिसतं. पण मग वर्षाने तेच गिऱ्हाईक येतं. "थोरलीची केली होती ना, तीच काढा. फक्त नाव बदला." हे 'फक्त' ऐकलं की ताई चष्मा पुसायला घेतात. कारण आता ते अक्षर राहिलेलं नाही, चित्र झालंय. थोरलीचं नाव संगीता, धाकटीचं प्रतीक्षा. मग ताई पत्रिकेतच खाली उतरून अक्षरं धुंडाळतात. 'प्र' मुक्कामपोस्टच्या 'प्रशस्त कार्यालया'तून उचलतात, 'ती' संगीताच्या 'ता'चा काना काढून त्याला तिच्याच 'गी'ची वेलांटी चढवून करतात, आणि 'क्षा' शेवटी 'आशीर्वादाच्या अपेक्षेत'मधून कापून काना लावतात. सगळं एका रेषेत बसवतात, शिरोरेषेची फट बुजवतात. छापून आलेल्या पत्रिकेत भिंग लावलं तरी सांधा सापडत नाही. हे काम करणारा प्रोसेसर कुठल्या पिढीचा, ते मला कोणी विचारत नाही. ताई माझ्याकडे पेस्टिंगच्या, म्हणजे कागदावर मजकूर कापून चिकटवायच्या, काळापासून आहेत.

तर कोटेशन मागवलं. डीलरने 'ग्राफिक्स' हा शब्द ऐकला आणि त्याचे डोळे चमकले. ग्राफिक डिझाइन म्हणजे भलं मोठं ग्राफिक्स कार्ड असा बाजारात समज आहे. ते कार्ड मुख्यतः गेम खेळणाऱ्यांना आणि थ्रीडीवाल्यांना लागतं. पावतीपुस्तकाच्या चौकटी आखायला रॅम आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, पुष्कळ. त्याने दाखवलेल्या कॅबिनेटला काचेची भिंत होती आणि आत लाल, हिरवे, निळे दिवे आळीपाळीने लागत होते. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो की पडद्यावरचे रंग लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचे, कागदावरचे सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक शाईचे, तेव्हा पडद्यावर दिसतं तसं छापून येत नाही. सायन 100 आणि मॅजेंटाही 100 केलात तर निळा म्हणून दिलेला बॅनर जांभळा होऊन येतो, आणि जयंतीच्या आदल्या रात्री ते कोणालाही पटवून देता येत नाही. आणि माझ्याच दुकानात आता शत्रूचे तिन्ही रंग दिवे लावून नाचणार. दिवे नको म्हटलं. डीलर म्हणाला, "दिवे फ्री आहेत, सर." दिव्यांशिवायचं कॅबिनेट चार दिवस मागवावं लागलं.

रॅमचा भाव ऐकून मात्र मी खुर्चीत बसलो. 2025 च्या शेवटी शेवटी मेमरीचे भाव अचानक चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांना ती ढिगाने लागते. माझ्याकडे येणारी पोरं फ्लेक्सचं डिझाइन त्याच एआयकडून करून आणतात. देवीच्या हातात बोटं सहा, 'हार्दिक' दोनदा आणि 'शुभेच्छा' कुठल्याच लिपीत नाही. ते दुरुस्त करायला मला जास्त रॅम लागते, आणि ती त्या एआयनेच महाग केलेली. त्यावर 18 टक्के जीएसटी. बायको हिशेब बघते. तिने कोटेशन वाचून विचारलं, "अहो, यात कॉम्प्युटर कुठाय? सगळे सुटे भागच दिसतायत."

शेवटी सुवर्णमध्य निघाला. एक नवीन घेतला, 32 जीबीचा. धाकट्याला एसएसडी बसवली, नेट काढून घेतलं आणि बिलिंगला बसवला. आता तो अर्ध्या मिनिटात चालू होतो आणि थोरल्याची रोज गरज पडत नाही, त्यामुळे सकाळचा चहा बारगळला आणि त्यावरून दुकानात नाराजी आहे. थोरला होता तिथेच, लॉकसकट, 2002 सकट. जुनं गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर फाइल उघडायची, पीडीएफ काढायची आणि पेन ड्राइव्हने चार फूट पलीकडे नव्यावर न्यायची. थोरल्याचं यूएसबी जुन्या पद्धतीचं, त्यामुळे त्या चार फुटांना बराच वेळ लागतो.

नवा आल्याचं पेठेत कळलंच. परवा एक गृहस्थ मुलीची पत्रिका करायला आले. ताईंनी दीड दिवस बसून सुरेख केली, कोपऱ्यात सनई-चौघडा, मध्ये सोनेरी गणपती, फॉइलचीही जागा सोडलेली. त्यांना पसंत पडली. मी कागदाचे नमुने पुढे केले, किती छापायच्या विचारलं.

"छापायच्या नाहीत हो. हल्ली कोण छापतं? व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. आणि बिल किती म्हणालात? तुमचा तर कॉम्प्युटर नवीन आहे, त्याला कितीसा वेळ लागला असेल!"