‘वेदरस्पूनचा शेअर दुप्पट होणारच’ : दाव्यातील हिशेब तपासताना

ब्रिटनमधील जे. डी. वेदरस्पून या पब-साखळीच्या शेअरविषयी छोट्या गुंतवणूकदारांमध्ये एक दावा सध्या मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. थोडक्यात तो असा : कंपनीची विक्री इतिहासातील सर्वाधिक पातळीवर आहे, बहुतेक पबच्या जागा तिच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत आणि त्या जागांची किंमतच शेअर बाजारातील एकूण मूल्यापेक्षा जास्त आहे, इतर पब बंद पडत असल्याने त्यांचे गिऱ्हाईक तिच्याकडेच येणार, आणि जानेवारी 2020 मध्ये ज्या शेअरचा भाव 16 पौंडांच्या वर होता, तो 2025 मध्ये बराच काळ 6 ते 8 पौंडांच्या पट्ट्यात राहिला, म्हणजे तो पुन्हा जुन्या भावाला पोहोचेपर्यंत पैसे दुप्पट होणे निश्चित आहे.

ब्रिटनमध्ये राहणारी आणि आयसा खात्यातून वर्षाला 20 हजार पौंडांपर्यंत करमुक्त गुंतवणूक करू शकणारी बरीच मराठी कुटुंबेही आता थेट शेअर घेतात. रोजच्या जाण्यायेण्यातल्या, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या, गुरुवारच्या ‘करी क्लब’मुळे ओळखीच्या झालेल्या कंपनीचा शेअर त्यांना जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. कंपनी चांगली चालवली जाते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टिम मार्टिन यांनी 1979 मध्ये उत्तर लंडनमधील मझवेल हिल येथे एका पबपासून सुरुवात केली आणि 1992 मध्ये कंपनी बाजारात नोंदवली. तेव्हापासून स्वस्त दर आणि काटेकोर व्यवस्थापन यांवर त्यांनी जे उभे केले, त्याला तोड नाही. माझा आक्षेप कंपनीवर नसून या दाव्यातील हिशेबावर आहे, कारण म्हातारपणासाठी साठवलेला पैसा ‘निश्चित’ या शब्दाच्या भरवशावर एका शेअरमध्ये टाकला जात असेल, तर त्या शब्दामागचे आकडे कोणीतरी तपासून पाहिलेच पाहिजेत.

विक्रमी विक्रीचा मुद्दा आधी घेऊ. जुलै 2019 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री सुमारे 182 कोटी पौंड होती आणि अपवादात्मक बाबी वगळून करपूर्व नफा 10 कोटी 25 लाख पौंड होता. जुलै 2025 मध्ये संपलेल्या वर्षात विक्री सुमारे 213 कोटी पौंडांवर गेली, पण त्याच पद्धतीने मोजलेला करपूर्व नफा 8 कोटी 14 लाख पौंडच राहिला. विक्री सतरा टक्के वाढली आणि नफा वीस टक्क्यांहून अधिक घटला. शंभर पौंडांच्या विक्रीमागे तेव्हा 5.6 पौंड उरत होते, आता 3.8 पौंड उरतात. दाव्यात विक्रीचा आकडा ठळकपणे सांगितला जातो आणि नफ्याचा आकडा गाळला जातो. भागधारकाच्या वाट्याला मात्र विक्री येत नाही, नफाच येतो.

त्या विक्रीतही खरी वाढ किती, हे पाहायला हवे. 2019 मध्ये 879 पब होते, 2025 मध्ये 794. म्हणजे एका पबची सरासरी वार्षिक विक्री सुमारे 20 लाख 70 हजार पौंडांवरून 26 लाख 80 हजार पौंडांवर गेली, ही वाढ साधारण 29 टक्के भरते. पण याच सहा वर्षांत ब्रिटनमधील ग्राहक किंमत निर्देशांकही जवळपास तेवढाच वाढला. तात्पर्य, तोट्यातले आणि कमकुवत पब काढून टाकल्यानंतरही उरलेल्या पबची विक्री महागाईच्या बरोबरीने चालली आहे, तिच्या फारशी पुढे गेलेली नाही. कठीण काळात हेही मोठेच यश आहे, पण ‘विक्रमी’ या शब्दाने जो अर्थ सुचवला जातो तो यातून निघत नाही.

नफा का आटला, हे समजून घेतले तर या कंपनीचे अर्थकारण उघड दिसते, म्हणून इथे थोडे थांबतो. एप्रिल 2025 पासून ब्रिटनमधील किमान वेतन ताशी 11.44 पौंडांवरून 12.21 पौंड झाले आणि 18 ते 20 वयोगटासाठी ते 8.60 वरून थेट 10 पौंड झाले. त्याच महिन्यात मालकांनी भरायच्या राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीचा दर 13.8 टक्क्यांवरून 15 टक्के झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या पगाराच्या वर ही वर्गणी लागू होते ती मर्यादा वर्षाला 9,100 पौंडांवरून 5,000 पौंडांवर आली. वर्षाला 9,100 पौंड मिळवणारा, वयाची 21 वर्षे पूर्ण केलेला एखादा अर्धवेळ कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. त्याच्यासाठी मालकाला पूर्वी काहीच वर्गणी भरावी लागत नव्हती, आता वर्षाला 615 पौंड भरावे लागतात. अर्धवेळ मनुष्यबळावर चालणाऱ्या, 42 हजारांच्या आसपास कर्मचारी असलेल्या साखळीला हा बदल किती जड जातो, हे वेगळे सांगायला नको.

या बदलांमुळे वाढलेला मजुरीखर्च दर पबमागे आठवड्याला सुमारे 1,500 पौंड आणि एकूण वर्षाला सुमारे 6 कोटी पौंड असल्याचा अंदाज कंपनीनेच जाहीर केला होता. आता हा आकडा एका पबच्या आठवड्याच्या हिशेबात बसवून पाहा. सरासरी पबमध्ये आठवड्याला सुमारे 51,500 पौंडांची विक्री होते, आणि व्याज व मुख्यालयाचा खर्च धरून सगळे वजा जाता कर भरण्यापूर्वी मागे उरतात साधारण 1,970 पौंड. अशा ठिकाणी आठवड्याचा खर्च 1,500 पौंडांनी वाढला आणि दर जागचे हलले नाहीत, तर नफ्याचा तीन चतुर्थांश भाग तिथेच संपतो. दर वाढवून ही भरपाई करायची तर सुमारे तीन टक्के वाढ केवळ आहे तिथे उभे राहण्यासाठी लागते. शिवाय जुलै 2025 मध्ये संपलेल्या वर्षात ही वाढ जेमतेम चार महिनेच लागू होती. पूर्ण बारा महिन्यांचा भार त्यानंतरच्या वर्षावर येतो.

दर वाढवण्याची मुभा या कंपनीला इतरांपेक्षा कमी आहे, हे दाव्यात लक्षातच घेतलेले नाही. महागड्या पबने सहा पौंडांच्या ग्लासावर वीस पेन्स वाढवले तर गिऱ्हाईक कुरकुर करून देते. वेदरस्पूनचे गिऱ्हाईक मुळात दर पाहूनच तिथे येते. स्वस्ताई हीच तिची ताकद असल्यामुळे स्वस्ताई सोडून नफा वाढवण्याचा मार्ग तिला जवळपास बंद आहे. जुलै 2025 पर्यंतच्या वर्षात तुलनात्मक विक्री (नवे आणि बंद झालेले पब वगळून मोजलेली) सुमारे 5 टक्के वाढली, तरीही वाढलेल्या विक्रीचा थोडाच भाग नफ्यात उतरला, याचे कारण इथेच आहे.

आता मालमत्तेचा मुद्दा. दाव्याचा हा भाग सर्वांत आकर्षक आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवा आहे. मूळ वस्तुस्थिती खरी आहे : 2010 च्या सुमारास 43 टक्क्यांच्या आसपास असलेले स्वमालकीच्या पबचे प्रमाण आज 70 टक्क्यांच्या पुढे आहे, आणि कंपनीने 1999 नंतर या जागांचे पुनर्मूल्यांकन केलेले नाही. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की ताळेबंदात सुमारे 140 कोटी पौंड दिसणारी मालमत्ता प्रत्यक्षात त्याहून मौल्यवान आहे, आणि शेअरचे बाजारमूल्य तिच्या निम्म्याच्या आसपास असल्याने भाव त्याखाली जाऊच शकत नाही.

या तुलनेत कर्ज विसरले गेले आहे. जुलै 2025 अखेरीस कंपनीचे निव्वळ कर्ज, भाडेपट्ट्यांची देणी न धरता, सुमारे 72 कोटी पौंड होते. मालमत्तेवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्यांचा असतो. ते फेडून जे उरते ते भागधारकांचे. 140 मधून 72 वजा केले की 68 कोटी पौंड राहतात, आणि सात पौंडांच्या भावाने शेअर बाजारातील मूल्य त्याहून थोडे जास्तच भरते. म्हणजे पुस्तकी किमतीला शेअर स्वस्त मिळतो हे विधान कर्ज मोजताच टिकत नाही.

दुसरी चूक याहून खोल आहे. दादरमध्ये स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात खानावळ चालवणाऱ्या माणसाला भाडे द्यावे लागत नाही, म्हणून त्याचा नफा जास्त दिसतो; तो धंदा विकत घेणाऱ्याने त्या वाढीव नफ्याची पूर्ण किंमत मोजली आणि वर गाळ्याची किंमतही वेगळी मोजली, तर त्याने एकाच गोष्टीचे दोनदा पैसे दिले. वेदरस्पूनच्या 8 कोटी 14 लाखांच्या नफ्यात वाचलेले भाडे आधीच आलेले आहे. नफ्यावर शेअरची किंमत काढून तिच्यात पुन्हा मालमत्तेची भर घालणे म्हणजे ही दुहेरी मोजणीच होय.

आणि पबची इमारत शेवटी कोणाला विकायची? कंपनीने जुनी चित्रपटगृहे, बँका, टपाल कार्यालये यांचे पब केले, याचे मला मनापासून कौतुक आहे. टनब्रिज वेल्समधील 1902 चे ऑपेरा हाऊस घ्या. संरक्षित वारसा इमारत, जुना रंगमंच, सज्जे, नक्षीकाम. अशा वास्तूत काय करता येईल यावर कायद्याची बंधने असतात, देखभालीचा खर्च मोठा असतो, आणि एवढी जागा भरून काढणारा दुसरा व्यवसाय सहज सापडत नाही. त्यामुळे अशा वास्तूची किंमत प्रामुख्याने तिथला पब किती कमावतो यावरच ठरते. पबची कमाई घसरेल तेव्हा जागेची किंमतही तिच्याबरोबर घसरेल. ज्या संकटात या आधाराची गरज पडावी, त्याच संकटात तो खचतो. कंपनीने गेल्या दशकात शंभराहून अधिक पब कमी केले, आणि त्या काळातील निकालांत मालमत्ता विक्रीवरील तोटा व मूल्यघट यांच्या नोंदी वारंवार दिसतात.

याच धंद्यातल्या इतर पब-कंपन्यांकडेही पाहावे. मिचेल्स अँड बटलर्सच्या बहुसंख्य जागा स्वमालकीच्या आहेत आणि ती कंपनी त्यांचे नियमित मूल्यांकन करते. तरीही तिचा शेअर वर्षानुवर्षे निव्वळ मालमत्ता मूल्याच्या (मालमत्तेतून कर्ज व देणी वजा करून उरणाऱ्या किमतीच्या) खाली राहिला. मार्स्टन्सचा शेअर तर 2024 मध्ये मालमत्ता मूल्याच्या निम्म्याहूनही खाली होता. जागांच्या किमतीला आज ना उद्या भाव येतोच, असे पब क्षेत्राचा अनुभव सांगत नाही.

इतर पब बंद पडण्याचा लाभ होतो, हे काही अंशी खरे आहे. या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सुमारे 60 हजार पब होते, आता ते 45 हजारांच्या आसपास आहेत. परंतु वेदरस्पूनचा खरा स्पर्धक सुपरमार्केट आहे, आणि हे खुद्द टिम मार्टिन अनेक वर्षे पोटतिडकीने सांगत आले आहेत. पबमधील जेवणावर 20 टक्के मूल्यवर्धित कर लागतो, सुपरमार्केटमधील बहुतेक अन्नपदार्थांवर शून्य. त्या सवलतीच्या जोरावर सुपरमार्केट बिअर स्वस्त विकू शकते. गेल्या दशकापासून ब्रिटनमध्ये पबपेक्षा दुकानांतूनच जास्त बिअर विकली जाते. शेजारचा पब बंद झाला म्हणून त्याचे प्रत्येक गिऱ्हाईक पुढच्या पबात जात नाही. कित्येक जण घरी बसतात.

राहता राहिला 16 पौंडांचा जुना भाव. तो भाव त्या वेळच्या प्रतिशेअर सुमारे 75 पेन्सच्या कमाईच्या 21 पट होता, म्हणजे तेव्हाही शेअर महागच होता. त्यानंतर महामारीत कंपनीला जगण्यासाठी दोनदा नवे शेअर विकावे लागले : 2020 मध्ये 9 पौंडांना आणि जानेवारी 2021 मध्ये 11.20 पौंडांना. मिळून सुमारे 23 कोटी 50 लाख पौंड आले आणि शेअरसंख्या साडेदहा कोटींवरून जवळपास तेरा कोटींवर गेली. नंतर कंपनीचेच शेअर कमी भावात बाजारातून परत विकत घेऊन व्यवस्थापनाने यातला बराच भाग मागे घेतला. दाव्याच्या बाजूने जाणारी ही सर्वांत भक्कम गोष्ट आहे, आणि नवल म्हणजे दावा करणारे तिचा उल्लेखही करत नाहीत. मात्र एप्रिल 2023 पासून ब्रिटनचा कंपनी कर 19 टक्क्यांवरून 25 टक्के झाला आहे. शंभर पौंडांच्या नफ्यातून तेव्हा 81 हातात राहत होते, आता 75.

हे सगळे एकत्र मांडले तर प्रश्न स्पष्ट होतो. शेअरसंख्या 11 कोटींच्या आसपास धरली, तर 16 पौंडांच्या भावाने कंपनीचे मूल्य सुमारे 176 कोटी पौंड येईल, आणि 2025 च्या नफ्यातून 25 टक्के कर वजा केल्यावर उरणाऱ्या 6 कोटी 10 लाखांच्या ते जवळपास 29 पट भरते. 2025 मधला सात पौंडांच्या आसपासचा भाव त्याच कमाईच्या साडेबारा पट होता. वर्षाला 12 पेन्सचा लाभांश देणाऱ्या, कमी नफ्याच्या आणि कर्ज असलेल्या धंद्यासाठी हा भाव कवडीमोल म्हणता येत नाही. तेव्हाइतका उदार, म्हणजे कमाईच्या 21 पट, भाव बाजाराने पुन्हा दिला असे गृहीत धरले, तरी 16 पौंडांसाठी करपूर्व नफा 11 कोटी पौंडांच्या पुढे, म्हणजे 2025 च्या विक्रीवर 5.3 टक्के, असावा लागेल. एका पबच्या भाषेत सांगायचे तर आठवड्याला उरणारे 1,970 पौंड 2,700 च्या वर जायला हवेत, आणि तेही दर एप्रिलमध्ये वाढणारे किमान वेतन देऊन, गिऱ्हाईक न गमावता. हे घडणार असे ज्यांना वाटते त्यांनी ते कसे घडणार हे मांडावे. विक्रीचा विक्रम आणि जागांची किंमत पुढे करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.