जीप उलटताना उडी मारता येते का?

पावसाळा जवळ आला की पुण्यातल्या जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर न चुकता उगवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या उघड्या जीपला सीट बेल्ट आणि रोल बार, म्हणजे डोक्यावरून जाणारी पोलादी पाईपची कमान, बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी उलटायला लागली की मोकळा माणूस उडी मारून वाचतो, बांधलेला चिरडतो. वरच्या पाईपच्या वजनानेच गाडी उलटते. लढाईतल्या जीपला कुठे पट्टे होते? आणि शेवटी, आरटीओ गाडी उचलून नेईल. खाली जोडलेले हात आणि 'सर्व जीपप्रेमींपर्यंत पोहोचवा'.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीचं खपतं. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच.

'बांधलेला माणूस चिरडतो.' डोक्यावर काहीच नसेल तर हो, असं होऊ शकतं. ट्रॅक्टरवाल्यांकडे याचा नियमच आहे: संरक्षक चौकट असेल तर पट्टा लावायचा, चौकट नसेल तर लावायचा नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे जवळजवळ थांबले. मजकूर लिहिणाऱ्याने या नियमाचा शेवटचा तुकडा उचलला आणि पहिला सोयीस्करपणे गाळला. चौकट आणि पट्टा ही जोडी आहे. एकाने डोक्याभोवती जागा राखायची, दुसऱ्याने माणसाला त्या जागेत धरून ठेवायचं.

आपल्याकडे खरं तर उलटी चूक जास्त दिसते. चकचकीत स्टेनलेस स्टीलचा बार, त्यावर चार पिवळे दिवे, आणि पट्टा एकही नाही. अशी गाडी कलंडली की डोकं आधी त्याच बारवर आपटतं. किंवा माणूस अर्धा बाहेर फेकला जातो आणि तोच बार त्याच्या अंगावर येतो. दुसरा गैरसमज हूडच्या पाईपांचा. ते ताडपत्री तोलायला असतात, टनभराची गाडी नव्हे. विलीसची, म्हणजे लढाईतल्या मूळ जीपची, पुढची काच तर मुळातच बॉनेटवर आडवी पडावी म्हणून बिजागरीवर बसवलेली. तिच्यावर भरवसा कसला ठेवायचा?

मग चौकट बसेपर्यंत पट्टाही नको का? इथे ट्रॅक्टरचा नियम जसाच्या तसा लावू नये. ट्रॅक्टर शेतात उलटतो. जीप मात्र वेल्ह्याच्या डोंगरवाटांना पोहोचण्याआधी महामार्गावरच्या नवले पुलाजवळून जाते, ट्रकांच्या मधून. जुन्या जीपचा स्टिअरिंगचा दांडा एकसंध असतो. आजच्या गाड्यांतला दांडा धडकेत मोडून आत सरकतो, हा सरळ छातीवर येतो. त्यामुळे माझं मत असं की डांबरी रस्त्यावर बार नसला तरी पट्टा हवा, आणि बार बसल्याशिवाय गाडी डांबर सोडून उताराला घालूच नये.

'उडी मारता येते.' मढे घाटाकडे भातखाचरांच्या बांधावरून गाडी जाताना काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पावसाने बांध भुसभुशीत झालेला असतो आणि एका बाजूची चाकं बसतात. वेग पायी चालण्याइतका, म्हणून वाटतं की वेळच वेळ आहे. पण गाडीने एकदा तोल सोडला की ती आडवी पडायला सेकंद-दीड सेकंद पुरतो, आणि काय घडतंय हे कळण्यातच त्यातला निम्मा जातो. खालच्या बाजूला बसलेला माणूस उडी मारत नाही, तो पडतो, आणि जिथे पडतो तिथेच गाडी येते. वरच्या बाजूच्याला स्टिअरिंग आणि गिअरच्या दांड्यांतून वाट काढत चढावर चढायचं असतं. शिवाय माणसाचा हात आपोआप बाहेर जातो, बॉडीची कड किंवा काचेची फ्रेम धरायला. बोटं तिथेच चिरडतात. पट्टा लावलेल्यानेसुद्धा हात आतच ठेवायचे, हे सोबत बसणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगावं.

'आमच्या काकांनी उडी मारली आणि वाचले' हे खरं असेल. ज्यांना ती जमली नाही, ते किस्सा सांगायला ग्रुपवर नाहीत.

'पेट घेतला तर पट्ट्यातून सुटणार कसे?' लाल बटण एका बोटाने दाबून. आणि बटण दाबायला माणूस शुद्धीवर असावा लागतो, ते काम पट्टाच करतो.

'लढाईतल्या जीपला पट्टे नव्हते.' नव्हते. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, त्यांना बेल्ट नव्हते. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टाच मुळी १९५९ चा. पण जीपा बनवून घेणाऱ्या त्याच अमेरिकन लष्कराने पुढे काय केलं, हे मजकुरात नाही. जीपच्या जागी आलेली एम-१५१ वळणावर उलटण्यासाठी इतकी बदनाम झाली की तिचं मागचं सस्पेन्शन बदलावं लागलं, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस लष्कराने तिला रोल बारची चौकट बसवली. जाता जाता: त्याच लष्कराचे जनरल पॅटन अख्खं युद्ध लढून सुखरूप राहिले, आणि डिसेंबर १९४५ मध्ये मागच्या सीटवर बसले असताना त्यांची मोटार कमी वेगात एका लष्करी ट्रकवर आदळली. मानेला दुखापत होऊन बारा दिवसांनी ते गेले.

'पाईपच्या वजनाने गाडी उलटते.' हिशेब करून बघू. ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा पोलादी पाईप मीटरला साधारण २.६ किलो भरतो. मुख्य कमान, मागचे दोन टेके आणि एक तिरपी पट्टी धरून आठेक मीटर लागतो. पायाच्या प्लेटा मिळून झाले पंचवीस किलो. अकराशे किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य त्याने दोन सेंटिमीटरही वर जात नाही. हाच मजकूर पुढे पाठवणारे गाडीला चार इंच लिफ्ट करून घेतात, मोठे टायर घालतात आणि मागे तिघांना उभं करून सिंहगड चढतात. तेव्हा गुरुत्वमध्य कुणाला आठवत नाही.

'आरटीओ गाडी उचलेल.' या अफवेचं मूळ बहुधा डिसेंबर २०१७ मधलं आहे. केंद्राने तेव्हा राज्यांना कारवाई करायला सांगितलं ते बुल बारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी जाळीवर. बार म्हटलं की आपल्याकडे सगळे एकच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलात फेरफार करायला मनाई करतं, हे खरं. त्यामुळे चासीला वेल्डिंग करू नये आणि आसनसंख्या बदलू नये. कमान नट-बोल्टने बसवावी, काढता येईल अशी, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारावं. पन्नास वर्षांवरच्या ज्या गाडीला २०२१ च्या नियमाखाली 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर घ्यायचाय, तिच्या मालकाने तर जास्तच जपावं. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी त्या व्याख्येतून बाहेर पडते.

मजकुराने न विचारलेला प्रश्न मात्र खरा महत्त्वाचा आहे: बसवायचं कसं? वाईट बसवलेला पट्टा धोकादायक असतो, यात वाद नाही. नाना पेठेत पट्टा मिळतो, पण तो पकडणारा पत्रा तुमच्या जीपचा असतो. सत्तर वर्षांचा, गंजलेला, वर पुट्टी भरलेला. त्यातून नुसता बोल्ट आरपार घातला तर झटक्यात वायसरसकट उपटून येईल. पत्र्याखाली जाड पोलादी प्लेट हवी, आणि बोल्ट सीट बेल्टचाच हवा, सात-सोळांश इंची. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयए ही मोटार शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची, तीन मिलिमीटर जाडीची प्लेट मागते. घरच्या जीपलाही तेच माप धरावं. पाईप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेला बिनजोडाचा, घ्यावा. नळाचा जीआय पाईप वाकवून देणारा फॅब्रिकेटर स्वस्त पडतो, पण तो पाईप पाण्यासाठी आहे.

ड्रिल हातात घेण्याआधी सीट उचलून खाली बघा. विलीसमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. पुढे दुमडणारी सीट खटक्याने जागेवर बसत नसेल तर पट्टा लावून उपयोग नाही, सीट माणसासकट पुढे येते. खांद्याचा पट्टा मागे खाली जमिनीला बांधू नका, धडकेत तो मणका दाबतो. तो खांद्याच्या उंचीवर, कमानीच्या आडव्या पाईपला घ्या. डोक्याजवळच्या पाईपला कडक फोम गुंडाळा.

आपोआप गुंडाळणारा पट्टा घेतलात तर तो चढावर अडकतो म्हणून मेस्त्रीशी भांडू नका. युरोपीय नियमानुसार असा पट्टा १२ अंशांच्या कलापर्यंत अडकता कामा नये आणि २७ अंशांच्या पुढे अडकलाच पाहिजे. घाटाखालच्या वाटांना तो अडकणारच. तिथे साधा, हाताने आवळायचा पट्टा बरा. मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांना मात्र यातलं काहीच वाचवत नाही, कमान त्यांच्या पुढे असते. डांबर संपलं की त्यांना खाली उतरवून चालत न्यावं.