मूत्रपिंड, जननग्रंथी आणि ‘नात्यातल्या लग्ना’चे गणित

मूत्रपिंड आणि जननेंद्रिये या दोहोंत जन्मजात दोष असणे हे नात्यातल्या लग्नाचे फळ असते, आईवडील दोघेही वाहक असतात, पुढच्या प्रत्येक मुलाला २५ टक्के धोका असतो, जनुक जितके जास्त नष्ट तितका आजार तीव्र असतो, आणि मूल मुलगी दिसत असेल तर जननग्रंथींची (अंडाशय किंवा वृषण) चिंता नको, असा मजकूर बराच फिरतो आहे.

मूत्रपिंडे निकामी करणाऱ्या आणि जननेंद्रियांच्या घडणीतही दोष आणणाऱ्या डेनिस-ड्रॅश आणि फ्रेझर या जन्मजात सिंड्रोमांना यातले काहीच लागू पडत नाही. दोन्हींचे मूळ ११व्या गुणसूत्रावरील डब्ल्यूटी-१ या जनुकात आहे. भ्रूणात मूत्रपिंड आणि जननग्रंथी एकाच ऊतीपट्ट्यातून घडतात व दोन्हीकडे हे जनुक लागते, म्हणून दोष जोडीने येतात. आजाराला एक बिघडलेली प्रत पुरते आणि तो बिघाड बहुतेकदा आईवडिलांत नसतोच, नव्याने घडलेला असतो. त्यांच्या रक्तात तो आढळला नाही, तर पुढच्या मुलाचा धोका फार कमी असतो. मात्र त्यांच्या काही बीजपेशींत (अंड किंवा शुक्रपेशींत) तो दडलेला असू शकतो, म्हणून शून्य म्हणता येत नाही.

गैरसमजाला एक निमित्त आहे. इंग्रजीत एका अक्षराच्या फरकाने लिहिला जाणारा, देवनागरीत तर अगदी तसाच दिसणारा दुसरा एक फ्रेझर सिंड्रोम आहे. त्यात पापण्या जुळलेल्या असतात, मूत्रपिंड कधी तयारच होत नाही आणि जननेंद्रियांतही दोष असतात. तो मात्र खरोखर दोन्ही पालकांकडून येतो, आणि २५ टक्के हा आकडा त्याचा आहे.

तीव्रतेचा नियम तर उलटाच दिसतो. डब्ल्यूटी-१सकट गुणसूत्राचा तुकडाच गळाला, तर विल्म्स ट्यूमर या लहान मुलांतल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, पण मूत्रपिंडे सहसा बऱ्याच उशिरा निकामी होतात. डेनिस-ड्रॅशमध्ये बहुधा प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदललेले असते आणि मूत्रपिंडे अनेकदा पहिल्या काही वर्षांतच निकामी होतात, कारण सदोष प्रथिन चांगल्या प्रतीच्या प्रथिनालाही काम करू देत नाही.

मुलगी दिसण्याचा दिलासा सर्वांत धोक्याचा. डब्ल्यूटी-१मुळे होणाऱ्या फ्रेझरमध्ये एक्सवाय (म्हणजे सहसा मुलग्यांत असणारी) गुणसूत्रे असलेले मूल बाहेरून पूर्णपणे मुलगी दिसते आणि अविकसित जननग्रंथींत गोनॅडोब्लास्टोमा ही गाठ होऊ शकते. तोच बदल एक्सएक्स मुलीत असेल, तर सामान्यतः आजार मूत्रपिंडापुरता राहतो. म्हणून स्टिरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिने जाऊन अंगावर सूज येणे) असलेल्या मुलीची पाळी वयात येऊनही सुरू झाली नाही, तर गुणसूत्रांची तपासणी टाळता कामा नये.