न खेळणारा कर्णधार

बुद्धिबळाच्या सांघिक सामन्यात ‘न खेळणारा कर्णधार’ हे पद ज्याने निर्माण केले, त्याचा बोलक्या माणसांवर काहीतरी जुना राग असावा, असे माझे ठाम मत आहे. खेळाडूने ‘बरोबरी घेऊ का?’ असे विचारले, तर कर्णधाराने ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘तुमचे तुम्ही ठरवा’ एवढेच म्हणायचे असते, आणि तेही सामन्याचे गुण पाहून. पटावरील स्थितीबद्दल अवाक्षर काढायचे नाही. आमच्या क्लबात तर खेळणाऱ्या दोघांपेक्षा भोवती उभ्या असलेल्या मंडळींनाच चाली अधिक सुचतात, आणि त्या मोठ्याने सांगण्यातच मी उभी हयात घालवली. त्या मला कर्णधार करण्यात आले, तेही एकमताने, यामागचा हेतू माझ्या जरा उशिराच लक्षात आला.

चषकाचा सामना जानेवारीतल्या एका रविवारी, निफाडच्या थंडीचा वाटा नाशिककरांनाही मिळतो अशा दिवसांत, कॉलेज रोडजवळच्या एका सभागृहात ठरला. समोर एका शिकवणी वर्गाची मुले होती. आपला विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. पण पंचवटीपासून नाशिक रोडपर्यंत जो तो पालक आता आपल्या मुलाला पटासमोर बसवतो, त्याची किंमत आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांना दर स्पर्धेत मोजावी लागते. तिसऱ्या पटावर आमच्या निवृत्त बँकवाल्या काकांसमोर जो मुलगा आला, त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते.

पहिल्या पटावर आमचे वकीलसाहेब हरले, दुसऱ्यावर बरोबरी झाली, चौथ्यावर आम्ही जिंकलो. दीड-दीड गुण झाले आणि सारा भार काकांवर आला. त्यांच्याकडे एक प्यादे जास्त होते. बाकी पटावर दोन राजे आणि दोन हत्ती. अशा वेळी त्या मुलाने शांतपणे बरोबरीचा प्रस्ताव ठेवला आणि काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

सामना दोन-दोन असा सुटला, तर निकाल पटांच्या गणतीवर लागणार होता. त्या हिशेबात पहिल्या पटावरील विजयाला ४, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २ आणि चौथ्याला १ असे वजन असते व बरोबरीत ते निम्मे-निम्मे वाटले जाते. म्हणजे बरोबरी घेतली की साडेसहा विरुद्ध साडेतीन असे आम्ही स्पर्धेबाहेर. हे सगळे मला काकांना समजावून सांगायचे होते. मी ‘नाही’ म्हणालो. दुपारचा डबा नाकारला गेल्यासारखा चेहरा करून काका पुन्हा पटाकडे वळले.

खेळाची वेळ प्रत्येकी दीड तास आणि दर खेळीमागे ३० सेकंदांची भर अशी होती. ही भर ज्यांना वरदान वाटते, त्यांनी काकांना तिच्यावर जगताना पाहिलेले नाही. भर असल्यामुळे प्रत्येक खेळी शेवटपर्यंत लिहावीच लागते. काकांना पट पाहायला एक चष्मा लागतो आणि लिहायला दुसरा. त्यामुळे हत्ती सरकवणे, घड्याळ दाबणे, चष्मा बदलणे, लिहिणे, पुन्हा चष्मा बदलणे, एवढे झाले की विचाराला जेमतेम दहा सेकंद उरत. एकदा तर त्यांनी घाईत दोन्ही चष्मे एकावर एक चढवले. पंचांनी जवळ येऊन पाहिले, परंतु नियमात त्याविरुद्ध काही सापडले नसावे.

आणि तो मुलगा? त्याने राजा प्याद्याच्या वाटेत रोवला होता आणि हत्ती सहाव्या ओळीत आडवा उभा केला होता, म्हणजे काकांच्या राजाला पुढे सरकायला जागाच नाही. हा फिलिडोरचा अठराव्या शतकातला बचाव आहे. त्यात फसण्याची वेळ एकच: प्यादे सहाव्या ओळीत शिरताच हत्तीने तिथे रेंगाळायचे नसते, तडक पहिल्या ओळीत जाऊन मागून शह देत राहायचे असते. काकांनी प्यादे पुढे ढकलले. मी श्वास रोखून मनातल्या मनात त्या मुलाला चुकीचा सल्ला देत होतो. त्याने बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला, हत्ती उचलला आणि पार पहिल्या ओळीत नेऊन ठेवला.

त्यानंतर शहांचा पाऊस पडला. काकांचा राजा वर गेला, खाली आला, प्याद्याच्या आडोशाला शिरू पाहू लागला, पण आडोसा काही मिळेना. अखेरीस मला न विचारताच काकांनी बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. मुलाने मात्र शिस्तीत आपल्या कर्णधाराकडे पाहिले, तिकडून ‘हो’ आला आणि आम्ही चषकातून बाहेर पडलो.

नंतर मिसळीच्या टेबलावर सगळेच एकदम बोलू लागले. वकीलसाहेबांनी आपला डाव कसा जिंकलेलाच होता ते सांगितले, मी पटांची गणती दोनदा समजावली, आणि काकांनी पापड मोडत पुढच्या वर्षी आपल्याला पहिल्या पटावर मुळीच बसवू नये अशी अट घातली, कारण तोवर तो मुलगा तिथे आलेला असेल.