ऑक्सिमीटरवर भागत नाही
"बोटाला ऑक्सिमीटर असला की लहान दवाखान्यांना श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायची गरज नाही," हे लेखातलं विधान पटलं नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटचा श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा काही मिनिटं ९८ दाखवत राहू शकतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेषा मात्र लगेच सपाट होते. मी धुळ्यात भूलतज्ज्ञांच्या हाताखाली काम करतो. धडगावकडून सातपुड्याचा घाट उतरून आलेल्या पेशंटची श्वासनलिकेत घातलेली नळी जागेवर आहे ना, हे आम्ही आधी त्या रेषेवरच बघतो. कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३५ ते ४५ (मिमी पारा) दिसला की जीव भांड्यात पडतो.

बाकी लेखातलं कॅप्नोग्राफच्या छोट्या मॉड्यूलचं कौतुक ठीक, पण साइडस्ट्रीम प्रकारात, म्हणजे श्वासाचा नमुना यंत्राकडे ओढून मोजतात त्यात, बारीक नळीत वाफेचं पाणी साचून ती तुंबते, त्यावर एक ओळही नाही. वॉटर ट्रॅप (पाणी अडवणारी डबी) आणि सॅम्पलिंग लाइन (तीच बारीक नळी) सारख्या बदलायचा खर्च कोण धरणार?