आधी रेंज, मग फोन
नवा फोन कसा निवडावा यावरच्या तुमच्या लेखात कॅमेरा, रॅम, बॅटरीची तुलना छान केलीये, पण नेटवर्क मात्र एका ओळीत गुंडाळलंय. मला उलटा क्रम पटतो. आधी घरात, तेही अगदी मागच्या खोलीत, कोणत्या मोबाइल कंपनीची रेंज टिकते ते बघावं, मग फोन. स्क्रीनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारे आपापल्या मनाने ठरवतात. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो, तो बघा. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. फोर-जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर निवांत. माझ्या स्वयंपाकघरात उणे ११८! तिथे फोन आला की बोलत बोलत गॅलरी गाठायची.

दुसरं म्हणजे बँड, म्हणजे कंपनी ज्या लहरींवर सिग्नल पाठवते तो पट्टा. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतींतूनही बऱ्या शिरतात. परदेशातून मागवलेल्या फोनमध्ये नेमका आपल्या कंपनीचा तो बँड नसला तर महागडा फोनही शोभेचाच (हे मी पैसे घालवून शिकलोय). वायफाय कॉलिंग (रेंज नसली तरी घरच्या वायफायवरून फोनवर बोलायची सोय) हवंच, आणि ते आपल्या कंपनीच्या सिमवर त्या मॉडेलला चालतं का, तेही विचारून घ्या.

बाकी बॅटरीचं म्हणाल, तर रेंज कमी असली की फोन जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो. मग ५००० एमएएचवालाही दुपारीच मान टाकतो.